नवा, नवी, नवे आणि स्वीडनचा 'न्यू'

विशेषण म्हटलं की शाळेतली व्याख्या आठवते : नामाबद्दल जास्त माहिती सांगणारा शब्द. पण हा शब्द नामाप्रमाणे स्वतःही बदलतो, ही त्यातली खरी गंमत! 'नवा' हाच शब्द घेऊ या.

पुल्लिंग : नवा लॅपटॉप – नवे लॅपटॉप
स्त्रीलिंग : नवी फाइल – नव्या फाइली
नपुंसकलिंग : नवे पुस्तक – नवी पुस्तके (बोलताना 'नवं पुस्तक')

आता नामाला प्रत्यय लावा : नव्या लॅपटॉपला, नव्या फाइलमध्ये, नव्या पुस्तकांत. लिंग-वचन काहीही असो, 'नव्या' कायम! म्हणजे ३ लिंगे, २ वचने, प्रत्ययाशिवाय आणि प्रत्ययासह अशा एकूण १२ जागा. त्या भरायला रूपे फक्त ४.

अशीच काटकसर स्कँडिनेव्हियन भाषांत आहे. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिन्ही भाषांत 'नवा' म्हणजे 'न्यू' (उच्चार ढोबळ). हा आपल्या संस्कृत 'नव्य'चा लांबचा भाऊच! स्वीडिशमध्ये 'न्यू बील' म्हणजे नवी मोटार. घर ('हूस') नपुंसकलिंगी, म्हणून 'न्यूट हूस'. अनेकवचनात दोन्हींना 'न्यूआ'. ठरावीक एका मोटारीबद्दल, म्हणजे 'ती नवी मोटार' असं बोलायचं झालं तर एकवचनातही 'न्यूआ'च. डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये त्याच जागी 'न्यूए'. आपला 'नव्या' जसा बऱ्याच जागा सांभाळतो, तसाच हा.

आता 'नवीन' बघा. नवीन मुलगा, नवीन मुलगी, नवीन घर : काही बदलत नाही! सुंदर, हुशार, जादा हेही असेच. व्याकरणात यांना अविकारी विशेषणे म्हणतात. इंग्रजी माध्यमातून आलेल्या आम्हा लोकांना 'नवीन' फार सोयीचा, कारण लिंग ठरवायची कटकटच नाही. 'कूल', 'स्मार्ट'चंही तेच.

पण या सोयीत माहिती हरवते. कासार आंबोलीच्या एखाद्या दुकानात वही आणि पुस्तक समोर ठेवून "नवी द्या" म्हटलं तर वही मिळेल, "नवं द्या" म्हटलं तर पुस्तक. "नवीन द्या" म्हटलं तर दुकानदार विचारणारच, "काय?" डेटा पाठवताना आपण पॅरिटी बिट जोडतो ना? विशेषणाचा शेवटचा स्वर तेच काम करतो. नाम नीट ऐकू आलं नाही तरी अंदाज लागतो.

तेव्हा 'नवीन' जरूर वापरा, पण 'नवा'ला रिटायर करू नका. लिंग अडलंच तर मेसच्या मावशींना विचारा. त्यांना व्याख्या सांगता येणार नाही कदाचित, पण उत्तर चुकणार नाही!