हत्यार टाकू नका, दुरुस्त करा

पेरणी तोंडावर आली की घरोघरची हत्यारे बाहेर निघतात. विळा बोथट झालेला असतो. कुऱ्हाडीचा दांडा हालतो. करवत लाकडात अडकते. मग कोणी म्हणतो, "जाऊ द्या, सेलूच्या बाजारातून नवं आणू."

थांबा, भाऊ! आधी हत्यार हाती घेऊन नीट पाहा. लोखंड शाबूत असेल, तर हत्यार अजून कामाचे आहे.

ढिला दांडा

घाव घालताना पाते निसटले, तर जवळच्या माणसाचा जीव जाईल. काही जण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते आणि दांडा घट्ट बसतो. पण वाळले की लाकूड आकसते, आणि दांडा पुन्हा हालू लागतो. म्हणून पाचर मारावी. धावड्याची किंवा बाभळीची, चांगल्या वाळलेल्या लाकडाची पाचर घ्या. दांड्याला चीर गेली असेल, तर तार गुंडाळून भागवू नका. दांडाच बदला. नव्या दांड्याला जवसाचे तेल चोळा, म्हणजे त्यात पाणी लवकर मुरत नाही.

बोथट धार

सहाणेवर पाणी टाकून धार लावा. पात्याचा मूळचा उतार बदलू नका. चाकावर धार लावत असाल, तर पाते घडोघडी पाण्यात बुडवा. पाते तापून निळे पडले, की त्याचे पाणी उतरले असे समजा. मग धार टिकत नाही. अशा वेळी लोहारदादाकडे जावे. तो पाते लाल तापवून त्याला पुन्हा पाणी देतो. त्याला दिलेली मजुरी गावातच राहते.

अडकणारी करवत

करवतीचा एक दात डावीकडे, तर दुसरा उजवीकडे थोडा वळलेला असतो. त्यामुळे लाकडातली चीर पात्याहून रुंद पडते. दात सरळ झाले की करवत अडकते. आधी दात वळवून घ्या. मग तिकोनी कानशीने घासा. कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना ती उचलून घ्या, नाही तर कानसच झिजते.

काय टाकावे?

हातोडीच्या तोंडाला तडा गेला असेल, तर ती वापरू नका. तुकडा उडून डोळा जाईल. तिथे काटकसर नको.

चरख्याची अट

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा १५० रुपयांहून महाग नको आणि तो २० वर्षे चालावा, अशा अटी होत्या. दुरुस्तीचा खर्चही वर्षाला किमतीच्या शेकडा ५ हून जास्त नको होता. म्हणजे १५० रुपयांच्या चरख्याला साडेसात रुपये! हत्यार घेताना आपणही हेच विचारावे : हे किती वर्षे चालेल? मोडले तर गावात नीट होईल का?

वर्ध्याला गेलात, तर मगन संग्रहालय पाहा. १९३८ साली गांधीजींनी ते उघडले. तिथे ग्रामोद्योगांची साधने मांडली आहेत.

प्रश्न

१. दांडा पाण्यात भिजवून का भागत नाही?
२. पाते निळे पडले, तर काय समजावे?

करून पाहा

घरातल्या हत्यारांची यादी लिहा. प्रत्येकापुढे 'दुरुस्त करू' किंवा 'बदलू' असे लिहा. मग पहिल्यापासून कामाला लागा.