कातलेल्या सुताचा पीळ

पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये (16:92) एका स्त्रीचा दृष्टान्त आला आहे. ती कष्टाने सूत कातते, त्याला घट्ट पीळ देते आणि मग स्वतःच्याच हाताने तो उकलून सुताच्या चिंध्या करते. श्रद्धावंतांनी तिच्यासारखे होऊ नये, अशी ताकीद तेथे आहे. आयतीचा मूळ संदर्भ केलेल्या करारांचा आहे. परंतु तौबा हाही अल्लाहशी केलेला करारच होय. म्हणून रमजानमध्ये कमावलेल्या सवयी शव्वाल सरताच सोडून देणाऱ्याने या आरशात आपला चेहरा अवश्य पाहावा.

सोलापूरकरांना हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चादर आणि टॉवेल यांवर येथील हजारो घरांची चूल पेटते. मागावर ताण्याचा धागा तुटला, तर विणकर माग थांबवतो, गाठ मारतो, धागा पुन्हा ओवतो आणि काम पुढे चालू करतो. एका धाग्यापायी तो सगळा ताणा कापून फेकत नाही. आणि तुटलेल्याकडे डोळेझाक करून विणतही नाही, कारण तो दोष पुढच्या सगळ्या कापडात उतरतो. स्वतःच्या बाबतीत मात्र मनुष्य यांपैकी एक चूक हमखास करतो. फजर चुकली की ‘आता काय उरले’ म्हणून जुहरही सोडतो. नाहीतर चुकल्याची खंतच बाळगत नाही. पहिली निराशा होय, दुसरी गफलत. दोन्हींचा शेवट एकच.

थोडे, पण नित्य

हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहला सर्वांत प्रिय असलेले कर्म ते, जे थोडे का असेना, पण नित्य असते (बुखारी, मुस्लिम). हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) बजावले होते, की रात्रीची नमाज सुरू करून सोडून देणाऱ्या अमक्यासारखे होऊ नकोस (बुखारी). येथे त्या व्यक्तीचे नाव घेतलेले नाही, हे लक्षात घ्यावे. दोष दाखवला, माणूस झाकला. घरातील मुलांच्या सवयी घडवतानाही हीच रीत असावी.

रात्रीचा रोजमेळ

उद्यासाठी आपण काय पुढे पाठवले आहे, हे प्रत्येकाने पाहावे, असा आदेश सूरह हश्रमध्ये (59:18) आहे. या आत्मपरीक्षणाला ‘मुहासबा’ म्हणतात. इमाम गजाली (रह., मृत्यू 1111) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये ते व्यापाराच्या दाखल्याने मांडले आहे. बुद्धी हा व्यापारी आणि नफ्स हा त्याचा भागीदार. सकाळी भागीदाराशी अट ठरवावी, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी, रात्री हिशेब घ्यावा आणि तूट आली तर ती भरून घ्यावी. आपल्या चाटी गल्लीतील कापडव्यापारी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करीत नाही. मग जिभेचा, डोळ्यांचा आणि वेळेचा हिशेब न जुळवता आपण निश्चिंत कसे झोपतो?

गाठ कशी मारावी?

सुटलेली सवय पुन्हा जोडण्याची रीतही सुन्नतमध्ये आहे. झोपेमुळे किंवा विसरल्यामुळे फर्ज नमाज राहिली, तर आठवताच ती अदा करण्याची आज्ञा आहे. रात्रीचे नित्यपठण झोपेमुळे राहून गेले आणि ते फजर व जुहर यांच्या दरम्यान पूर्ण केले, तर रात्रीच केल्याप्रमाणे त्याची नोंद होते, असे हजरत उमर (रजि.) यांच्या कथनात आहे (मुस्लिम). खुद्द प्रेषित (स.) झोपेमुळे किंवा आजारपणामुळे रात्रीची नमाज राहिली, तर दिवसा बारा रकअत अदा करीत (मुस्लिम). रात्रपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्या कामगाराला यात केवढा दिलासा आहे! वेळ हुकली, म्हणून दार बंद झालेले नाही.

प्रारंभ वुजूपासून

जागरूकतेचा सराव कोठून सुरू करावा, असे विचाराल, तर नळाजवळून. प्रेषित (स.) सुमारे एक ‘मुद’, म्हणजे एक लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करीत (बुखारी, मुस्लिम). आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. हंडे भरून ठेवताना घरातील आयाबहिणींची होणारी धावपळ आपण पाहतो. तरीही मशिदीच्या हौदावर तोटी उघडी ठेवून गप्पा चालतातच. तोटीऐवजी एक तांब्या घ्यावा. हात धुताना हातांनी आज काय केले, तोंड धुताना जिभेने काय उच्चारले, याचे स्मरण करावे. वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि दिवसातून पाच वेळा मनाला जाग येते.

तेव्हा वाचकहो, या महिन्यात एकच सुटलेली सवय निवडावी: फजरची जमाअत, कुरआनचे एक पान किंवा आईवडिलांची रोजची विचारपूस. सकाळी नियत, रात्री हिशेब. चुकले तर इस्तिगफार आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा आरंभ. अल्लाह आपल्या सुताला टिकणारा पीळ देवो आणि तुटलेले जोडण्याची तौफीक देवो. आमीन.