काठी, सावली आणि असरची वेळ

एका गृहस्थाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना नमाजांच्या वेळा विचारल्या. उत्तर चार वाक्यांत देता आले असते. परंतु प्रेषितांनी (स.) त्याला दोन दिवस आपल्यासोबत नमाज अदा करण्यास सांगितले. पहिल्या दिवशी हजरत बिलाल (रजि.) यांना प्रत्येक अजान वेळ सुरू होताच देण्याची आज्ञा झाली; दुसऱ्या दिवशी नमाजा लांबवल्या गेल्या. मग प्रश्नकर्त्याला बोलावून सांगण्यात आले, की तू जे पाहिलेस त्याच्या दरम्यान तुमची वेळ आहे. सहीह मुस्लिममधील ही हदीस वाचताना माझे लक्ष ‘पाहिलेस’ या शब्दावर थांबते.

मक्तबात एकदा मी नऊ वर्षांच्या एका हुशार मुलाला विचारले, ‘‘असरची वेळ केव्हा सुरू होते?’’ तो तत्काळ उत्तरला, ‘‘सव्वापाचला.’’ कशावरून, तर मशिदीतल्या फळ्यावर तसे लिहिले आहे! ती जमातीची वेळ होती. नमाजेचे सर्व अरकान त्याला मुखोद्गत होते, पण फळा नाही आणि मोबाइल नाही अशा शेतात किंवा प्रवासात त्याची असर चुकली असती. दोष त्याचा नव्हता; आम्ही त्याला फळाच दाखवला होता, आकाश दाखवले नव्हते.

ज्या कुटुंबांनी मुलांचे शिक्षण घरीच करायचे ठरवले आहे त्यांना याबाबत मोठी सोय आहे. शाळेतल्या मुलाची दुपार वर्गात जाते; यांची अंगणात जाऊ शकते. ३० सेंटिमीटर लांबीची सरळ काठी सपाट जमिनीत उभी रोवावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वाळूने भरलेला डबा गच्चीवर ठेवावा, मात्र काठीची लांबी वाळूच्या वर मोजावी आणि वाळू डब्याच्या काठापर्यंत भरून सावलीसाठी तितक्याच उंचीची फळी शेजारी टेकवावी. दुपारी बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सावली आखूड होत जाते, क्षणभर थबकल्यासारखी वाटते आणि पुन्हा वाढू लागते. ती वाढू लागली की जवाल झाला, जोहरची वेळ सुरू झाली. मुंबईत हा क्षण बहुतेक दिवसांत साडेबाराच्या पुढेमागे येतो; नागपुरात तो सुमारे २५ मिनिटे आधी येतो. सूर्याकडे थेट पाहू देऊ नये, पाहायचे ते जमिनीकडे.

सर्वांत आखूड सावलीची लांबी वहीत लिहून ठेवावी, कारण पुढचे गणित तिच्यावर आहे. इमाम शाफई (रह.) यांच्या मते सावली ही मूळ लांबी अधिक काठीएवढी झाली, की असर सुरू होते, इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते मूळ लांबी अधिक काठीच्या दुप्पट झाल्यावर. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी एकपटीचे मत स्वीकारले आहे. कोकणातील नातलगांकडे गेल्यावर असरची अजान लवकर का होते, हे मुलाला येथे कळते. ‘ते चुकतात’ असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

मूळ सावली मिळवायची कशासाठी, हा प्रश्न मुले विचारतातच. याचे उत्तर डिसेंबरात द्यावे. अखेरच्या आठवड्यात पुण्यात भर दुपारीही ३० सेंटिमीटरच्या काठीची सावली सुमारे २७ सेंटिमीटर असते. मूळ सावली विसरणारा मुलगा जवालनंतर थोड्याच वेळात असर झाली असे समजेल! खरे माप ५७ सेंटिमीटर, हनफी मतानुसार ८७. उलट मेच्या मध्यास मुंबई-पुण्यात दुपारी सावली पायाशीच नाहीशी होते आणि मापे ३० व ६० होतात. फिक्हच्या ग्रंथातील जे वाक्य मी विद्यार्थिदशेत नुसते पाठ केले होते, त्याचा अर्थ मलाही मोजपट्टी हातात घेतल्यावर उमगला.

भावंडे असतील तर खेळही होतो. असरच्या वेळी सावलीचे टोक कोठे असेल, त्या जागी प्रत्येकाने सकाळीच आपला खडा ठेवावा. ज्याचा खडा जवळ, त्याने त्या दिवशी घरात अजान द्यावी, मुलीने सर्वांसाठी मुसल्ले अंथरावेत. पैशांची किंवा खाऊची पैज मात्र लावू नये.

एका वडिलांनी मला सुनावले होते, ‘‘मौलानासाहेब, मी पोराला दीन शिकायला पाठवतो, काठ्या रोवायला नाही.’’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोजमाप झाले आणि अजान होऊनही मूल खेळतच राहिले, तर तो धडा वाया गेला. म्हणून असरची खूण गाठली की खडे तेथेच सोडून वुजूला उठावे, आईवडिलांनीही उठावे. परंतु खेळ म्हणजे दीनपासून दूर जाणे, हे मला मान्य नाही. हजरत आयशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत आणि प्रेषित (स.) त्यांच्या मैत्रिणींना खेळायला त्यांच्याकडे पाठवत. चांद्रमास कधी २९ दिवसांचा असतो हे सांगताना प्रेषितांनी (स.) दोन्ही हातांची बोटे तीनदा उघडली आणि तिसऱ्या वेळी एक अंगठा दुमडला. लहान मुलांना महिना शिकवायला याहून सोपे साधन मला ठाऊक नाही.

तीच काठी किब्लाही दाखवते. २८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी सुमारे २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य मक्केच्या थेट माथ्यावर असतो. त्या क्षणी सावलीच्या टोकाकडून काठीकडे पाहिले, की दृष्टी किब्ल्याकडे जाते. १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. म्हणून मेमध्येच खडूने रेघ आखून घ्यावी. मशिदीच्या मिहराबाशी ती ताडून पाहता किंचित फरक आढळला, तर मुलाने तेथे वाद घालू नये. दिशेतील थोडा फरक नमाजेस बाधक नसतो, हे त्याला रेघ आखण्यापूर्वीच सांगून ठेवावे.