कोवळ्या हातांना सोबत हवी



काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतला एक मुलगा होता. वहीच्या समासात सारखा काही ना काही चितारत बसायचा. बैल, सायकल, शेजारी बसलेल्या मुलाचे कान. आम्हाला कौतुक वाटले. नाताळात गोठ्यामागचा पडदा आम्ही त्यालाच रंगवायला दिला. मग इस्टरचा फलक, सणाची पताका, स्नेहसंमेलनाची पाटी. त्याने सारे केले. नाताळच्या पडद्यावर त्याने मेंढपाळांना आपल्याकडच्या गुराख्यांसारखी घोंगडी पांघरायला दिली होती. आदल्या रात्री आमच्यापैकी एकाने "हे बरे दिसत नाही" म्हणून ती पुसून त्यावर लांब झगे रंगवले. आम्हाला ते ठाऊक होते. आम्ही काही बोललो नाही. दहावीनंतर एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "फादर, मी आता काढत नाही."

आम्ही त्याच्या कलेचा उपयोग केला होता, तिला सोबत केली नव्हती. या दोन गोष्टींत काय अंतर आहे, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

सेवाग्रामचा धडा

उत्तर शोधायला आपल्याला दूर जायला नको. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून 'नई तालीम' जन्माला आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जो अभ्यासक्रम आखला त्यात मूलोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या जोडीला चित्रकला आणि संगीतही होते. सेवाग्रामला हे काम आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने उभे केले. आर्यनायकम हे श्रीलंकेतील तमिळ ख्रिस्ती. ते शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ काम करून इकडे आले होते. पुढे १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमची कक्षा वाढली आणि चौदा वर्षांपुढच्या मुलामुलींसाठी 'उत्तर बुनियादी' शिक्षणाचाही विचार झाला.

१९४४ मध्ये देवीप्रसाद नावाचा तेवीस वर्षांचा तरुण चित्रकार शांतिनिकेतनातून सेवाग्रामला आला. तो नंदलाल बोस यांचा विद्यार्थी. पुढची जवळजवळ अठरा वर्षे तो इथे मुलांना कला शिकवत राहिला. तो स्वतः चित्रे काढी, चाकावर मडकी घडवी, छायाचित्रे घेई. कला हा शिक्षणाचा पाया आहे, शोभेची झालर नव्हे, हा विचार त्याने पुढे पुस्तकरूपानेही मांडला.

एक गोष्ट ध्यानात घ्या. चरखा आणि शेती हा जिथला श्वास होता, जिथे एकेका पैशाचा हिशेब लागत होता, तिथेही मोठ्या माणसांनी मुलांच्या रंगांसाठी एक पूर्ण वेळ माणूस दिला. "आधी पोटाचे बघू, कला मग" असे ते म्हणाले नाहीत.

हाताची साखळी

देवीप्रसादांचे गुरू नंदलाल यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांनी निराळे अभ्यासक्रम करून पाहिले. त्यात मन रमेना, यशही येईना. अखेर १९०५ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकूरांकडे आले. ज्याला परीक्षेने 'नापास' म्हटले होते, त्याच्यात एका वडीलधाऱ्याने चित्रकार पाहिला.

याच घरात गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) शिकले. ते कॅथलिक होते. वैद्यकीय शिक्षण सोडून ते कलेकडे वळले. त्यांनी पवित्र मरियेला भारतीय स्त्रीच्या वेशात रंगवले, तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांच्यावर टीका केली. त्या काळात त्यांना आसरा मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात, आणि उत्तेजन दिले ते मुंबईच्या झेवियर कॉलेजातील इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी. आज गोव्यात पर्वरीच्या संशोधन केंद्रात त्यांची चित्रे आदराने जपली आहेत. फोन्सेकांच्या साडीतील मरियेचा आपल्याला अभिमान वाटतो. मग आमच्या मुलाचे घोंगडे आम्ही का पुसू दिले, हा प्रश्न आम्हाला अजून टोचतो.

सोबत म्हणजे काय?

सॉक्रेटिस स्वतःला सुईण म्हणवून घेत असे. सुईण बाळ आणून देत नाही. आईच्या पोटी जे आहे ते सुखरूप बाहेर यावे म्हणून ती जवळ बसते. कलेकडे ओढ असलेल्या मुलाजवळच्या मोठ्या माणसाचे काम असेच आहे. आम्हाला चार गोष्टी सुचतात.

१. *पाहणे.* "छान!" म्हणून पुढे जाणे सोपे आहे. त्यापेक्षा बसावे आणि विचारावे, "हा बैल मान वळवून का बघतो आहे?" मुलाला स्तुतीपेक्षा जास्त भूक असते ती कोणी नीट पाहावे याची.

२. *जागा, वेळ आणि साहित्य देणे.* घरात एक कोपरा, आठवड्यातून दोन तास, कागदाचा गठ्ठा. गाणाऱ्या मुलीला रियाजाला बसता येईल अशी एक खोली. आपल्या सभागृहाची किल्ली संध्याकाळी रिकामीच लटकत असते.

३. *हात न घालणे.* चूक दाखवावी, पण तिच्या कागदावर नव्हे; वेगळ्या कागदावर. तिचे चित्र तिचेच राहू द्यावे, कच्चे राहिले तरी.

४. *वाट माहीत करून घेणे.* शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा आपली पुष्कळ मुले देतात. दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही खूश असतात. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. दहावी-बारावीनंतर काय, हे सांगणारे कोणी भेटत नाही. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईला १८५७ पासूनची जे. जे. कलाशाळा आहे, शाळांतून कलाशिक्षक लागतात, छपाईच्या आणि जाहिरातीच्या धंद्याला चित्रकार लागतात. यांतून पैसा किती आणि कष्ट किती, हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना खरे सांगणे हीदेखील सोबतच आहे. खोटी आशा दाखवू नये, आणि माहिती नसताना भीतीही घालू नये.

इथे आईवडिलांची बाजूही समजून घेऊ या. कपाशीचा भाव दरवर्षी पोटात गोळा आणतो अशा घरात मुलगी "मला नाच शिकायचा" म्हणाली तर आईच्या काळजात धस्स होणारच. तिची काळजी खोटी नाही. म्हणूनच घराबाहेरचे एक विश्वासाचे माणूस हवे, आईवडिलांच्या विरोधात उभे राहणारे नव्हे, तर त्यांच्याशेजारी बसून बोलणारे.

सावधपणाचे दोन शब्द

मुलाला एकटे शिकवण्याच्या निमित्ताने त्याचा गैरफायदा घेतल्याच्या घटना कलेच्या क्षेत्रात घडल्या आहेत, आणि चर्चमध्येही घडल्या आहेत. हे लपवून चालणार नाही. म्हणून शिकवणी उघड्या दाराआड व्हावी, घरच्यांना वेळ ठाऊक असावी, "हे घरी सांगू नकोस" असे म्हणणारा माणूस कितीही मोठा कलावंत असला तरी त्याच्याकडे मूल पाठवू नये. अडचणीत १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असू द्या. चांगल्या गुरूला या नियमांचा राग येत नाही.

देवाने दोन दाने दिली

निर्गमच्या पुस्तकात निवासमंडपाचे काम बसालेलाकडे येते. सोने, लाकूड, विणकाम यांचे कौशल्य देवाने त्याला दिले हे आपण ऐकलेले असते. पण ३५ व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा नजरेतून सुटते: त्याला आणि अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवानेच दिली. कला हे एक दान, आणि ती पुढच्या हाती देणे हे दुसरे. आपल्यात पेटी वाजवणारे आजोबा आहेत, भरतकाम करणाऱ्या मावश्या आहेत, पाट्या रंगवणारे काका आहेत. पहिले दान त्यांच्याकडे आहेच. दुसऱ्याची त्यांना कोणी आठवण करून दिलेली नाही.

येत्या नाताळात गोठ्याचा पडदा मुलेच ठरवतील आणि रंगवतील. तो कसाही झाला तरी त्यावर कोणी कुंचला फिरवणार नाही, हे आम्ही आजच कबूल करतो. आणि त्या मुलालाही आम्ही निरोप धाडला आहे. फलक रंगवण्यासाठी नव्हे; नुसते भेटायला ये म्हणून, आणि आमची चूक कबूल करायची आहे म्हणून.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. लहानपणी तुमचा कोणता छंद सुटला? तेव्हा कोणी जवळ असते तर तो टिकला असता का?
२. आपल्या घरातील किंवा वस्तीतील एका मुलाचे वा मुलीचे काम या आठवड्यात आपण दहा मिनिटे नीट पाहू शकतो का?
३. आपल्याला येणारी कोणती कला आपण अजून कोणाच्या हाती दिलेली नाही?