प्राणहितेचा जलमार्ग

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांचा संगम चपराळ्याजवळ होतो. तेथून पुढे त्यांच्या एकवटलेल्या प्रवाहास प्राणहिता असे नाव आहे. सागवान व बांबूंच्या दाट अरण्यातून ती दक्षिणेकडे वाहत जाते आणि सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. अहेरीच्या अरण्यात तोडलेले सागाचे ओंडके पूर्वी या प्रवाहात सोडून देत व ते वाहत वाहत थेट राजमहेंद्रीपर्यंत जात. जी नदी ओंडके वाहून नेते, तिने कापसाच्या गाठी का नेऊ नयेत, असा विचार एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज अभियंत्याच्या मनात आला. त्याचे नाव आर्थर कॉटन. इंग्रजीत कापसालाही कॉटनच म्हणतात, हा एक गमतीचा योगायोग!

कॉटन हा काही केवळ स्वप्ने पाहणारा गृहस्थ नव्हता. गोदावरीच्या मुखाजवळ धवलेश्वरम् येथे त्याने बांधविलेला प्रचंड बंधारा 1852 मध्ये पुरा झाला होता. त्यातून काढलेल्या कालव्यांनी शेते भिजत आणि त्याच कालव्यांतून नावाही चालत. त्या काळी वऱ्हाड व हिंगणघाट येथील कापूस बैलगाड्यांवर लादून शेकडो मैल दूर न्यावा लागे. वाटेत धूळ बसे, पावसाने गाठी भिजत आणि बैल थकून जात. नदी नौकांसाठी मोकळी झाली, तर हा कापूस अल्प खर्चात काकीनाड्याच्या बंदरात पोहोचेल, असे कॉटनचे म्हणणे होते. हेग नावाच्या अभियंत्याने नदीची पाहणी केली व पुढे कामाची सूत्रे हाती घेतली.

अडचण होती ती खडकांची. समुद्राकडून वर येताना तीन ठिकाणी नदीचे पात्र खडकांच्या रांगांनी अडविलेले आहे. पहिला अडसर दुम्मागुडेमचा, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीचा आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीचा. अशा ठिकाणी बांध घालून पाणी अडवावयाचे, खडकांच्या बाजूने कालवा खणावयाचा आणि त्यात जलपाश बांधावयाचे, अशी ती योजना होती.

जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दारे असलेला, दगडी बांधणीचा लांबट हौद. यालाच लॉक असेही म्हणतात. समजा, कापसाने भरलेली नाव चपराळ्याहून निघून देवलमरीस आली आहे. हौद वरच्या पातळीपर्यंत भरलेला आहे. नाव आत शिरते आणि तिच्यामागे वरचे दार लागते. मग खालच्या दारातील लहान झडपा उघडतात. हौदातील पाणी हळूहळू उतरू लागते आणि त्याबरोबर नावही संथपणे खाली जाते. दोन्हीकडचे पाणी समपातळीत आले की खालचे दार उघडावयाचे. नाव पुढच्या प्रवासास मोकळी! वर जाणाऱ्या नावेसाठी हीच क्रिया उलट करावयाची. पाणी खेचण्यास यंत्र लागत नाही; सारे काम पाण्याचे वजनच करते. मात्र प्रत्येक वेळी हौदभर पाणी खाली जाते, तेव्हा नदीला मुळात पाणी हवे.

आणि येथेच योजनेचे मर्म दुखावले. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी प्राणहिता उन्हाळ्यात वाळूच्या विस्तीर्ण पात्रातील एक क्षीण धार होऊन राहते. जलपाश नावेला खडकावरून उतरवील, परंतु कोरड्या वाळूवरून तो तिला कसा चालविणार? शिवाय अरण्यातील हिवतापाने मजूर आजारी पडत आणि बाहेरून आणलेली माणसे टिकत नसत. अभियंत्यांची नावे कागदोपत्री राहिली. तापाने फणफणत दगड फोडणाऱ्या त्या मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

तरीही काम चालू राहिले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसास सोन्याचा भाव आला. जलमार्गाची निकड वाढली. सिरोंचाचा मुलूख 1860 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला होता. तेथे अपर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचे ठाणे झाले. परंतु 1865 मध्ये युद्ध संपले आणि 1867 मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास पोहोचली. आगगाडीला ना पावसाळा लागतो, ना पूर. लक्षावधी रुपये खर्च झाल्यावर 1871 मध्ये सरकारने जलमार्गाचे काम थांबविले. 1874 मध्ये सिरोंचाचा मुलूख चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. 1982 पासून तो गडचिरोली जिल्ह्यात आहे.

आगगाडीने कापसाची सोय झाली खरी, पण ती नागपूरची. सिरोंचास ना नावांचा ताफा आला, ना आगगाडी. नदीकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंग्यांतूनच पैलतीरी जात राहिले. 2019 मध्ये संगमाच्या खाली मेडिगड्डा येथे तेलंगणाने मोठे धरण उभारले, तेही शेतीच्या पाण्यासाठी. दुम्मागुडेमचा जुना बंधारा मात्र अद्याप उभा आहे, आणि पावसाळ्यात प्राणहितेचे पाणी आजही त्याच्यावरून धो धो वाहत समुद्राकडे जाते.