घाशीरामाविषयी सहानुभूती बाळगावी काय?

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. नानांचे विपर्यस्त चित्रण केल्याचा आक्षेप निघाला व १९ प्रयोगांनंतर नाटक थांबले. पुढे थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा उभे केले. त्या वादात चर्चा झाली ती मुख्यतः नानांच्या प्रतिमेची. नाटकाला ज्याचे नाव आहे, तो बाजूसच राहिला.

घाशीराम हा पुण्यात उपरा. इतिहासातील घाशीराम सावळदास औरंगाबादेहून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलुखातून, पुण्यास गेलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण होता. नाटकात तो कनोजहून येतो. बायको व मुलगी यांच्यासह पोटासाठी आलेल्या या माणसावर दक्षिणेच्या गर्दीत चोरीचा आळ येतो. पुरावा काहीच नाही. तो परका आहे, एवढेच. मार, कोठडी, आणि शेवटी गावाबाहेर हाकलणे. आपल्यापैकी जे वसतिगृहात वाढले, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. खोलीतली वस्तू हरवली की पहिली नजर कोणाकडे वळते? काल आलेल्या मुलाकडे.

या नाटकात ब्राह्मणांची एक रांगच पडदा होते. ती गाते, डोलते, हवे तेव्हा पाठ फिरवते. घाशीरामाला त्या रांगेत कधीच जागा नाही. म्हणून त्याची सूडाची प्रतिज्ञा ऐकताना मन त्याच्या बाजूस झुकते. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील शायलॉक या ज्यू सावकाराविषयीही असेच होते. परंतु शायलॉकची मुलगी स्वतःच्या इच्छेने घर सोडून जाते. घाशीराम कोतवालीच्या बदल्यात आपली मुलगी गौरी नानांच्या हवाली करतो. गौरीला नाटकात स्वतःचे म्हणणे जवळजवळ नाहीच. माझी सहानुभूती येथे अडखळते, आणि ती अडखळावी हे बरेच.

नानांचा हिशेब मोठा धूर्त आहे. उपऱ्या माणसाला गावात सोयरे नसतात, तो कोणाशी हातमिळवणी करणार नाही, आणि जुलमाचे खापर फुटेल ते त्याच्याच माथी. म्हणूनच कोतवालीला तो सोयीचा. घाशीरामाला हे उमगत नाही. पुढे त्याच्या बागेतील फळे तोडली म्हणून दक्षिणेकडून आलेले भुकेले ब्राह्मण तो कोंडतो, आणि ते गुदमरून मरतात. तेही परगावचेच होते, दक्षिणेच्या आशेने आलेले. ज्या आळाने तो स्वतः पोळला, तोच त्याने त्यांच्यावर ठेवला. हे कल्पित नव्हे. अशाच कोंडमाऱ्यातील मृत्यूंनंतर १७९१ साली पुण्याच्या जमावाने खऱ्या घाशीरामास दगडांनी ठेचून मारले.

नाटकातील घाशीराम अखेरीस तो मार स्वतःच मागून घेतो; गौरी तोवर मेलेली आहे. त्याच्या मरणाच्या हुकमावर सही नानांचीच. पुण्यावरचे संकट टळले म्हणून नाना तीन दिवस उत्सव जाहीर करतात, आणि माणसांची तीच रांग पुन्हा गाऊ लागते.