फादरांसमोर बोलताना

माहेर वसईचं, पण नोकरीमुळे आयुष्य नाशिक जिल्ह्यातल्या कळवणात गेलं. इथे आमची कॅथलिक घरं मोजकी. शिक्षिका, नर्स, कुणाची सून, कुणाची विधवा आई, अशा बायकांत बसता-उठता जे उमजलं ते लिहिते आहे.

1. फादर नसतात तेव्हा बाई कशी असते, ते पाहावं. दर रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची उपासना, मिळेलच असं नाही, म्हणून आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो. रोझरी बाईच सांगते, बायबलमधला उतारा तीच वाचते, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही तीच करते. आवाज खणखणीत. फादर आले की तीच बाई चहा टाकायला आत जाते आणि दाराआडून ऐकते. आत जा, असं तिला कुणीही सांगितलेलं नसतं. आधी वडिलांसमोर, मग सासऱ्यासमोर अंगवळणी पडलेलं ते असतं.

2. स्वतःचं मत उशिरा फुटतं, पण फुटतं. मेरी बेलेंकी आणि तिच्या तीन सहकारी अभ्यासक स्त्रियांचं ‘विमेन्स वेज ऑफ नोइंग’ हे पुस्तक 1986 साली आलं. गप्प राहणं, मोठ्यांचं ऐकून तेच खरं मानणं, मग हळूहळू स्वतःच्या अनुभवाला किंमत देणं, अशा स्त्रियांच्या अवस्था त्यात मांडल्या आहेत. ते अमेरिकेतल्या स्त्रियांबद्दल आहे, तरी मला त्यात आमच्या बायका दिसल्या. ‘फादर म्हणाले’ इथून ‘मला वाटतं’ इथवर यायला काहींना चाळिशी उलटावी लागली.

3. ‘हा तुझा क्रूस आहे, सहन कर’ हे वाक्य तपासून घ्यावं. मार खाणाऱ्या बाईला ते घरातून ऐकावं लागतं, कधी वेदीवरूनही. ऐकणारी श्रद्धाळू असली की ते तिला देवाचंच बोलणं वाटतं आणि घर सोडण्याचा विचार पाप वाटू लागतो. प्रत्यक्षात चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेतलं 1153 क्रमांकाचं कलम सांगतं, की जोडीदारामुळे शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं. बिशपांच्या आदेशाने, आणि थांबणं धोक्याचं असेल तर स्वतःच्या अधिकारातही. लग्न मोडत नाही, पण जीव वाचतो. हे कलम लग्नाच्या तयारीवर्गात प्रत्येक मुलीला शिकवायला हवं. देशाच्या कायद्यात मात्र 2001 पर्यंत ख्रिस्ती पत्नीला घटस्फोटासाठी नुसता छळ पुरत नसे, त्याच्या जोडीला नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. चर्चने दिलेली वेगळं राहण्याची ही वाट माहीत नसल्याने किती आज्या गप्प बसल्या असतील, या विचाराने आजही जीव तुटतो.

4. प्रश्न विचारणारी बाई आपल्याकडे नवी नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चमध्ये, पण त्यांचा झगडा आम्हाला जवळचा आहे. तिथल्या त्यांच्या धार्मिक मार्गदर्शक, जोगीण सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी पत्रांतून ठामपणे कळवलं, की भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. ख्रिस्त मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

5. चर्चवर रागावणं म्हणजे चर्च सोडणं, असं मी मानत नाही. ज्याच्याशी नातं आहे त्याच्यावरच माणूस रागावतो. आणि मनाचा कौल ऐकायला चर्चच सांगतं: व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सदसद्विवेकाला माणसाच्या अंतरीचं पवित्र स्थान मानलं. तिथे बाईचा देवाशी थेट संवाद असतो.

6. काय बदललं, तेही मुलींना सांगावं. वेदीसेवेला मुली चालतील, असं रोमने 1994 मध्ये कळवलं. त्याच वर्षी धर्मगुरुपदाचं दार स्त्रियांना बंदच राहील, असंही ठासून सांगितलं. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक या अधिकृत सेवा स्त्रियांना खुल्या केल्या आणि 2023 च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. भारतातल्या बिशपांनी स्त्री-पुरुष समानतेचं धोरण 2010 मध्येच जाहीर केलंय. नाशिक धर्मप्रांतातल्या प्रत्येक धर्मग्रामात ते मराठीतून, मिस्सेनंतर, एखाद्या बाईच्या तोंडून वाचून दाखवावं, एवढी माझी मागणी आहे.